निवासी की अनिवासी? परदेशातल्या उन्हात निवृत्त होण्याआधी नाशिकमध्ये मांडायचा हिशोब

भारतात कोणाच्याही हातात असलेला पासपोर्ट नाशिकरोडच्या इंडिया सिक्युरिटी प्रेसमध्ये छापलेला असतो. गेल्या दिवाळीत आमच्या दादाने, म्हणजे माझ्या मावसभावाने, असे दोन कोरे करकरीत पासपोर्ट फराळाच्या ताटाशेजारी ठेवले आणि म्हणाला, "हे तर इथलेच आहेत. पुढचं काय ते तू सांग."

दादा सरकारी नोकरीतून निवृत्त झालाय. मुलगी जर्मनीत असते. दोन वर्षांपूर्वी ती दादा-वहिनींना आठ दिवस पोर्तुगालच्या दक्षिण किनाऱ्यावर, अल्गार्व्ह भागात घेऊन गेली होती. निळं पाणी, वर्षभर लख्ख ऊन, स्वच्छ फुटपाथ, आणि लेकीचं घर विमानाने तीन तासांवर. तेव्हापासून दोघांच्या मनात तिथेच जाऊन राहायचं आहे. मी नाशिकमध्येच बँकेत परकीय चलनाच्या टेबलावर बरीच वर्षं काढली, म्हणून घरातले असे प्रश्न माझ्याकडे येतात. दादासाठी जे कागदावर मांडलं तेच इथे सविस्तर लिहिते आहे, कारण गंगापूर रोडपासून इंदिरानगरपर्यंत हा विचार करणारी आणखी चार घरं मला माहीत आहेत आणि सगळे एकाच जागी अडतात. सगळे व्हिसाची चौकशी करतात. व्हिसा मिळाल्यावर आपण आपल्याच देशाच्या दप्तरी कोण होणार, हे कोणी विचारत नाही.

आधी उन्हाबद्दल. उन्हासाठी देश सोडायचा ही कल्पना मुळात इंग्लंड, जर्मनी, स्वीडनकडच्या लोकांची. तिथे हिवाळ्यात दुपारी चार वाजता अंधार पडतो, म्हणून तिथले पेन्शनर कित्येक दशकं स्पेन-पोर्तुगालच्या किनाऱ्यावर जाऊन राहताहेत. अल्गार्व्हमध्ये वर्षाला साधारण तीन हजार तास ऊन असतं. नाशिककराला उन्हाची टंचाई नाही. आपली माणसं जातात ती मुलाबाळांच्या जवळ राहायला, मोकळ्या हवेसाठी, कमी गर्दीसाठी. मग ठिकाण निवडतानाही हीच कारणं समोर ठेवावीत. माहितीपत्रकात छापलेले उन्हाचे तास आपल्या उपयोगाचे नाहीत. त्यात एक गोष्ट छापत नाहीत तीही सांगते. अल्गार्व्हचा हिवाळा बाहेरून सौम्य, पण तिथली बरीच जुनी घरं आतून गार आणि ओलसर असतात, कारण ती उन्हाळा डोळ्यांसमोर ठेवून बांधलेली. सांधे दुखणाऱ्या माणसाने घर बघायला जानेवारीत जावं, जूनमध्ये नाही.

एक माणूस, तीन वह्या

आता मुख्य मुद्दा. परदेशी राहायला गेलेला माणूस एकाच वेळी तीन वह्यांमध्ये लिहिला जातो. प्रत्येक वहीत "निवासी" या शब्दाचा अर्थ वेगळा आणि लिहिणारा कारकूनही वेगळा.

पहिली वही त्या देशाच्या इमिग्रेशन खात्याची. तिथे राहायला परवाना आहे का, किती दिवसांचा, कशाच्या आधारावर, एवढंच ती बघते.

दुसरी वही आयकराची, आणि ती दिवस मोजते. आपल्याकडे १ एप्रिल ते ३१ मार्च या वर्षात १८२ दिवस किंवा जास्त भारतात राहिलात तर तुम्ही निवासी. पोर्तुगालमध्ये कोणत्याही बारा महिन्यांत १८३ दिवसांहून जास्त राहिलात तर त्यांचे निवासी. दोन्हीकडची वर्षं वेगवेगळ्या महिन्यांत सुरू होतात, त्यामुळे जाण्याच्या वर्षात दोन्ही देश तुम्हाला आपलं म्हणू शकतात. अशा वेळी दोन देशांमधला दुहेरी कर टाळण्याचा तह कामाला येतो. इथे एक बारीक खाच आहे. नोकरीसाठी देश सोडणाऱ्याला त्या वर्षी १८२ दिवसांची मुभा मिळते. निवृत्त होऊन जाणाऱ्याला ती मिळत नाही. आधीच्या चार वर्षांत मिळून ३६५ दिवस भारतात काढले असतील, आणि ते आपण सगळ्यांनीच काढलेले असतात, तर जाण्याच्या वर्षी नुसते ६० दिवस इथे राहिलात तरी निवासीच. म्हणजे दादा ऑगस्टमध्ये गेला तरी त्या वर्षापुरता तो भारताचाच करदाता.

तिसरी वही फेमाची, म्हणजे १९९९ च्या परकीय चलन कायद्याची. ही वही हेतू बघते. अनिश्चित काळासाठी बाहेर राहायचं असं तुमच्या वागण्यावरून दिसत असेल, तर निघाल्यापासून तुम्ही अनिवासी. ही वही बहुतेकांना माहीतच नसते. साधं बचत खातं तसंच चालू ठेवून लोक निघून जातात. ते खातं बँकेला कळवून एनआरओ, म्हणजे अनिवासी माणसाच्या भारतातल्या मिळकतीच्या खात्याच्या, प्रकारात बदलून घ्यावं लागतं. टेबलावर बसून मी हे शेकडो वेळा सांगितलं असेल, आणि दरवेळी समोरच्याला वाटायचं की बँक उगाच कागद वाढवतेय. पेन्शन त्याच एनआरओ खात्यात येत राहते, भाडं तिथेच जमा होतं, आणि कर भरल्यावर ही चालू मिळकत बाहेर नेता येते. घर विकून आलेली किंवा साठवलेली रक्कम न्यायची असेल तर वर्षाला दहा लाख डॉलरची मर्यादा. त्यासाठी चार्टर्ड अकाउंटंटचं प्रमाणपत्र लागतं, पण रस्ता मोकळा आहे.

दादाच्या घरचा हिशोब

आकडे बघितल्याशिवाय यातली गोम कळत नाही, म्हणून दादाच्या परवानगीने गोल आकडे मांडते. दादाची पेन्शन महिन्याला ७५,०००, म्हणजे वर्षाला नऊ लाख. वहिनींच्या नावावर एक छोटा फ्लॅट, भाडं २०,०००. त्यांच्याच नावावरच्या ठेवींचं व्याज महिन्याला ३०,०००. दोघांचे मिळून सव्वा लाख. नाशिकमध्ये या पैशात हात आखडता न घेता राहता येतं.

आर्थिक वर्ष २०२५-२६ मध्ये नव्या करप्रणालीत दोघांनाही शून्य कर. बारा लाखांपर्यंत कर नाही हे वाक्य आपण सगळ्यांनी ऐकलंय. पण ते साधतं कसं? चार लाखांच्या पुढे कर लागतोच, आणि मग सूट देऊन तो माफ केला जातो. ही सूट फक्त निवासी व्यक्तीला आहे. दादा अनिवासी झाला की सूट गेली. नऊ लाखांतून ७५,००० ची प्रमाणित वजावट काढली की उरले सव्वाआठ लाख. त्यावर २२,५०० कर, वर चार टक्के उपकर, म्हणजे २३,४००. ज्येष्ठ नागरिकांना जुन्या प्रणालीत मिळणारी तीन लाखांची मूळ मर्यादा आणि व्याजावरची पन्नास हजारांची वजावट, याही निवासी ज्येष्ठांनाच. आपण साठीचे झालो म्हणजे या सवलती आपल्या खिशात आल्या असं वाटतं. त्या वयाला चिकटलेल्या आहेत तितक्याच इथे राहण्यालाही चिकटलेल्या आहेत.

वहिनींचा हिशोब जास्त बोलका आहे. भाड्यातून तीस टक्के वजावट जाऊन उरतात १,६८,०००, आणि व्याज ३,६०,०००. एकूण ५,२८,०००. अनिवासी म्हणून कर बसतो ६,६५६ रुपये. एवढा भरायला कोणाची ना नाही. अडचण कापून घेण्याची आहे. एनआरओ ठेवीच्या व्याजावर बँक ३१.२ टक्के आधीच कापते. अनिवासी मालकाला भाडं देणाऱ्या भाडेकरूनेही तेवढेच कापून सरकारकडे भरायचे असतात. वहिनींच्या बाबतीत व्याजातले १,१२,३२० आणि भाड्यातले ७४,८८०, असे १,८७,२०० रुपये आधी जाणार. मग वर्ष संपल्यावर विवरणपत्र भरायचं आणि परतावा यायची वाट बघायची. साडेसहा हजारांच्या करापायी पावणेदोन लाखांच्या वर रक्कम अडकली, तर तिथला महिना कसा काढायचा? व्याजावर कर कापू नका असं बँकेला सांगणारा पंधरा-एच फॉर्म अनिवाशाला भरता येत नाही. तहातला कमी दर घेता येतो, पण त्यासाठी तिथल्या कर खात्याचा निवासी असल्याचा दाखला लागतो, आणि पहिल्या वर्षी तोच हातात नसतो. त्यात आपल्या भाडेकरूला, कॉलेज रोडवर नोकरी करणाऱ्या पोराला, कर कापायचा नंबर काढ असं सांगून बघा. तो घर सोडून जाईल.

हे मांडून झाल्यावर दादा बराच वेळ कागदाकडे बघत राहिला. मग म्हणाला, "म्हणजे मी तोच, पैसे तेच, फक्त विमानात बसलो म्हणून?" हो, म्हणूनच.

आता पोर्तुगालची बाजू. तिथे निवृत्तांसाठी जो व्हिसा आहे त्याला डी-सेव्हन म्हणतात. नोकरी न करता नियमित येणारं उत्पन्न दाखवायचं, आणि ते तिथल्या किमान वेतनाइतकं तरी हवं. २०२५ मध्ये ते महिन्याला ८७० युरो होतं. जोडीदारासाठी निम्मं आणखी, म्हणजे १,३०५ युरो. युरोला शंभर रुपये धरले तर १,३०,५०० रुपये. दादाकडे सव्वा लाख. पाच-साडेपाच हजारांनी कमी, शिवाय वर्षभराच्या वेतनाएवढी शिल्लक तिथल्या बँकेत आणि राहत्या जागेचा करार. पाच हजारांचं कसंही जमवता येईल असं वाटतं. पण किमान वेतन तिथे दरवर्षी वाढतं, आणि आपला रुपया हळूहळू घसरत आलाय. २००५ साली डॉलर ४४ रुपयांच्या आसपास होता, २०१५ मध्ये ६४ च्या, आणि २०२५ मध्ये ८५ च्या पुढे गेला. रुपयातली पेन्शन घेऊन युरोत जगणाऱ्याने हा उतार वीस वर्षं पुढे काढून बघायला हवा. महागाई भत्ता इथल्या महागाईवर वाढतो, तिथल्या वाण्याच्या बिलावर नाही.

शिवाय तिथला कर. २००९ पासून पोर्तुगालने बाहेरून येणाऱ्यांना दहा वर्षांची मोठी सवलत दिली होती. परदेशी पेन्शनला आधी शून्य, २०२० नंतर दहा टक्के. जुन्या लेखांत आणि व्हिडिओंत अजून तेच सांगितलं जातं. ती योजना नव्या अर्जदारांसाठी २०२४ पासून बंद झाली आहे. आता साधारण तेरा टक्क्यांपासून ४८ टक्क्यांपर्यंत चढत जाणारे दर, आणि तेही जगभरातल्या उत्पन्नावर. सरकारी पेन्शनवर कर घ्यायचा हक्क तहांमध्ये सहसा पेन्शन देणाऱ्या देशाकडे असतो, खाजगी पेन्शनवर राहत्या देशाकडे. म्हणून आपली पेन्शन कुठल्या प्रकारात बसते हे दोन्हीकडच्या सल्लागारांकडून लेखी घ्यावं. मी स्वतः इथे तोंडी उत्तरावर विसंबणार नाही.

आणखी एक अट आहे. पहिला राहण्याचा परवाना दोन वर्षांचा असतो, आणि त्या काळात सलग सहा महिने किंवा तुकड्यातुकड्यांनी आठ महिन्यांहून जास्त बाहेर राहता येत नाही. सहा महिने इथे, सहा महिने तिथे, असं अनेकांच्या मनात असतं. या परवान्यावर ते बसत नाही.

बाकीचे देश

स्पेनचा याच प्रकारचा व्हिसा याहून महाग. तिथे महिन्याला २,४०० युरो, जोडीदाराचे ६०० वेगळे, म्हणजे तीन लाख रुपये, आणि काम करायला पूर्ण बंदी. घर घेऊन परवाना मिळवायची त्यांची योजना एप्रिल २०२५ मध्ये बंद झाली. दुबईत ५५ वर्षांवरच्यांना पाच वर्षांचा निवृत्ती व्हिसा मिळतो. त्यासाठीचा एक मार्ग म्हणजे दहा लाख दिरहमची मालमत्ता किंवा बचत, आपले सव्वादोन कोटींच्या वर. वैयक्तिक उत्पन्नावर कर नाही, मुंबईहून तीन तास, पण मे ते सप्टेंबर घराबाहेर पाऊल टाकवत नाही.

थायलंड आपल्या खिशाला सगळ्यात जवळचं. वय पन्नास पूर्ण, बँकेत आठ लाख बाहत किंवा महिन्याला ६५,००० बाहतचं उत्पन्न. दरवर्षी मुदत वाढवून घ्यायची आणि दर ९० दिवसांनी पत्ता कळवायचा. जमीन परदेशी माणसाच्या नावावर होत नाही. इमारतीतला फ्लॅट घेता येतो, पण एका इमारतीत ४९ टक्क्यांपर्यंतच. २०२४ पासून वर्षात १८० दिवस तिथे राहणाऱ्याने बाहेरून आणलेल्या उत्पन्नावर कर द्यायचा आहे.

हे आठ लाख बाहत म्हणजे वीस-बावीस लाख रुपये, आणि ते इथून पाठवताना काय होतं ते सांगायला हवं. रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत योजनेत निवासी माणसाला वर्षाला अडीच लाख डॉलरपर्यंत पाठवता येतात. एका पॅनवर वर्षात दहा लाखांच्या पुढे जे जाईल त्यावर बँक वीस टक्के टीसीएस, म्हणजे आगाऊ कर, घेते. एकवीस लाख पाठवले तर अकरा लाखांवर २,२०,००० रुपये. हा वेगळा कर नव्हे, विवरणपत्रात तो वळता होतो किंवा परत मिळतो. पण पाठवायच्या दिवशी खात्यात एकवीसऐवजी तेवीस लाख वीस हजार हवेत. मार्चमध्ये दहा आणि एप्रिलमध्ये उरलेले असे दोन आर्थिक वर्षांत पाठवले तर हे ओझं जवळजवळ उतरतं. त्यासाठी फक्त आधीपासून तारीख डोक्यात हवी.

आणि मॉरिशस. हा देश मराठी माणसाला कोणी सुचवत का नाही, याचं मला नेहमी नवल वाटतं. एकोणिसाव्या शतकात कोकणातून उसाच्या मळ्यांवर मजुरीला गेलेल्यांची वंशज मंडळी तिथे आजही मराठी म्हणवतात, शाळेत मराठी विषय आहे, गणेश चतुर्थीला देशभर सार्वजनिक सुट्टी असते आणि महाशिवरात्रीला गंगा तलावावर चालत यात्रा जाते. पन्नाशीपुढच्या निवृत्तांना दरमहा ठरावीक डॉलर बाहेरून आणायच्या अटीवर दहा वर्षांचा परवाना मिळतो. जानेवारी ते मार्च वादळं येतात, रोजची भाषा क्रिओल आणि फ्रेंच, मोठ्या शस्त्रक्रियेसाठी लोक भारतातही येतात. तरी जिथे गणपतीची मूर्ती शोधत फिरावं लागत नाही अशा ठिकाणी म्हातारपण काढणं याला किंमत आहे.

पाटावरच्या तांदळातलं नाव

कागदपत्रं काढायला बसलो तेव्हा सगळ्यात मोठा अडथळा आला तो वहिनींच्या नावाचा. लग्न १९८४ चं. लग्नाची नोंदणी त्या काळी कोण करत होतं? पुरावा म्हणून वहिनींनी ट्रंकेतून पत्रिका आणि अल्बम काढला. एका फोटोत दादा अंगठीने ताटातल्या तांदळात नवं नाव लिहितोय आणि वहिनी मान खाली घालून बघताहेत. सासरी नाव बदललं. आधारवर आणि पासपोर्टवर सासरचं नाव, शाळा सोडल्याच्या दाखल्यावर माहेरचं. वडिलांचं नाव जाऊन नवऱ्याचं लागलं, आडनाव बदललं, आणि पहिलं नावसुद्धा बदललं. तिन्ही शब्द वेगळे. परदेशी अधिकाऱ्याला या दोन वेगळ्या बायका वाटल्या तर त्याला दोष कसा द्यायचा?

हे सोडवता येतं, वेळ मात्र खातं. महापालिकेत लग्नाची नोंदणी चाळीस वर्षांनीही होते. पत्रिका, फोटो, तीन साक्षीदार आणि लग्न लावणाऱ्या गुरुजींची माहिती लागते. आमचे गुरुजी कधीच गेले होते, साक्षीला वहिनींचे भाऊ सटाण्याहून आले. मग नावबदलाचं प्रतिज्ञापत्र आणि राजपत्रातली जाहिरात. नंतर त्या दाखल्यांवर अपोस्टिल, म्हणजे परदेशात ते खरे धरले जावेत यासाठीचा शिक्का, आधी राज्य सरकारची मोहोर, मग परराष्ट्र मंत्रालयाची. पोलिसांचा चारित्र्य दाखला पासपोर्ट सेवेतून. यातले काही दाखले ठरावीक महिन्यांतच ताजे धरले जातात, म्हणून जुने दुरुस्त करायचे ते आधी आणि मुदतीचे काढायचे ते शेवटी. ज्यांच्या मनात असा विचार नुसता डोकावलाय त्यांनीही लग्नाची नोंदणी उरकून टाकावी. कुठेच गेला नाहीत तरी ती फॅमिली पेन्शनला कामी येते.

सातबारा आणि घर

नाशिकची गोष्ट असल्यामुळे जमिनीवर थोडं थांबते. दादाचा निफाड तालुक्यात वडिलोपार्जित द्राक्षबागेत हिस्सा आहे. अनिवासी झालेला माणूस भारतात शेतजमीन विकत घेऊ शकत नाही. निवासी असताना मिळालेली किंवा वारशाने आलेली मात्र ठेवू शकतो. विकायची झाली तर ती भारतात राहणाऱ्या भारतीय नागरिकालाच विकता येते. वर आपल्या महाराष्ट्रात शेतजमीन घ्यायला मुळात शेतकरी असावं लागतं. हे सगळं एकत्र धरलं तर अर्थ असा की सातबाऱ्यावरून एकदा नाव उतरवलं की ते परत चढवणं फार अवघड. "कशाला ठेवायची, आपण तर चाललो" म्हणत भावाच्या नावे हक्कसोड लिहून देणारी माणसं मी बघितली आहेत. पाच वर्षांनी परत आल्यावर त्यांच्याकडे उभं राहायला बांधही नव्हता. दादाला मी एवढंच सांगितलं की हिस्सा राहू दे, आणि बागेच्या कामासाठी भावाला मर्यादित अधिकारांचं नोंदणीकृत कुलमुखत्यारपत्र दे, विकण्याचा अधिकार वगळून.

राहतं घर विकायचं असेल तर ते निवासी असतानाच विकावं, हे माझं ठाम मत आहे. ऐंशी लाखांचं घर निवासी माणसाने विकलं तर घेणारा एक टक्का, म्हणजे ८०,००० कापतो. अनिवाशाने विकलं तर दीर्घकालीन नफ्याच्या दराने, तोही एरवी पूर्ण किमतीवर, अकरा लाखांच्या घरात कापावे लागतात. आयकर खात्याकडून आधी कमी कपातीचा दाखला आणता येतो, पण तोवर गिऱ्हाईक थांबेलच असं नाही. जुलै २०२४ आधी घेतलेल्या घरावर महागाई धरून वीस टक्के की न धरता साडेबारा, ही निवडही निवाशालाच आहे. खरं तर पहिली दोन-तीन वर्षं घर विकूच नये. परत यायला स्वतःचं दार हवं.

दुखणं, आणि त्यापुढचं

इथला मेडिक्लेम सहसा तिथे चालत नाही. तरी त्याचे हप्ते थांबवू नका. पॉलिसी तुटली आणि सत्तरीत परत आलात, तर नवी घेतल्यावर जुन्या आजारांसाठी तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं, आणि आपल्याला गरज नेमकी तीच असते. पोर्तुगालमध्ये परवाना मिळाल्यावर सरकारी आरोग्यसेवेत नाव घालता येतं, पण तज्ज्ञ डॉक्टरसाठी ताटकळावं लागतं म्हणून लोक खाजगी विमाही ठेवतात. साखर आणि रक्तदाब असलेल्या सत्तरीच्या माणसाला तो कितीला पडतो, याचा लेखी दर आधी मागवावा. आणि डॉक्टरला "छातीत भरून आल्यासारखं वाटतंय" हे कुठल्या भाषेत सांगणार? वहिनींना मी पोर्तुगीज शिकायला लावलंय. त्या खूष आहेत, कारण बटाटा, कोबी, पाव, चावी, पगार हे सगळे शब्द तिकडूनच आपल्याकडे आले.

मृत्युपत्राचं काम निघण्याआधी करावं. युरोपीय संघातल्या बहुतेक देशांत ऑगस्ट २०१५ पासून नियम असा की माणूस जिथे कायम राहत होता तिथला वारसा कायदा त्याच्या संपत्तीला लागतो. पोर्तुगाल आणि स्पेनच्या कायद्यात मुलांचा आणि जोडीदाराचा काही वाटा राखीव असतो, तो मृत्युपत्राने काढून घेता येत नाही. मात्र आपल्या नागरिकत्वाच्या देशाचा कायदा लागू व्हावा असं मृत्युपत्रात लिहून ठेवता येतं. एक वाक्य लागतं, पण ते लिहिलेलं असावं लागतं.

हे बोलत होतो तेव्हा वहिनींनी स्वयंपाकघरातून येत विचारलं, "आणि तिकडेच काही झालं तर?" दादाला हा विषय नको होता. मी उत्तर दिलं, कारण त्यांना ते हवं होतं. तिथे दहनाची सोय आहे. मृत्यूचा दाखला, दहनाचा दाखला आणि आपल्या वकिलातीचं पत्र घेऊन अस्थी विमानाने आणता येतात. "मग रामकुंडावर येईन ना मी," वहिनी म्हणाल्या आणि पोळ्या करायला परत गेल्या.

त्यांनी सध्या जे ठरवलंय ते मला पटलंय. या वर्षी परवान्याचा अर्ज नाही. साधा शेंगेन व्हिसा, म्हणजे युरोपात फिरायला जाणाऱ्यांना मिळतो तो. त्यावर कोणत्याही १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस राहता येतं, त्यातले ८५ दिवस. सोबत किमान तीस हजार युरोचा प्रवास विमा. नोव्हेंबरपासून जानेवारीच्या शेवटापर्यंत, म्हणजे घराचा गारवा नेमका त्याच दिवसांत कळेल. भाड्याची जागा तळमजल्यावर, कारण तिथल्या गल्ल्या चढउताराच्या आणि दगडी फरशीच्या, आणि दादाचा गुडघा. निवासीपण शाबूत, वहिनींचं भाडं आणि व्याज जसंच्या तसं, सूटही तशीच. परत आल्यावर पुढचं बघायचं. आणि २०२७ च्या सिंहस्थात घर सोडणार नाही असं वहिनींनी आत्ताच बजावून ठेवलंय.

नोव्हेंबरमध्ये पेन्शनचा हयातीचा दाखला द्यायचा असतो, तो फोनवर चेहरा दाखवूनही देता येतो. परवा आम्ही त्याची रंगीत तालीम केली. वहिनींनी फोन धरला, दादा खिडकीजवळ उजेडात बसला. दोनदा चुकलं, कारण डोळे मिटून उघडायचे तेव्हा तो हसत होता. तिसऱ्यांदा जमलं.